त्या एका माणसाचं नाव

१० सप्टेंबर २०२५, बुधवार

मैत्रिणींनो! ज्या ज्या मुलीला आजवर ऐकावं लागलं की 'सर आहेत ते, वडिलांच्या जागी आहेत, तुझाच काही गैरसमज झाला असेल', त्या तुम्ही सगळ्या —

थांब. ही वही आहे, व्यासपीठ नाही. समोर कुणी बसलेलं नाही. पण मला दुसऱ्या कुठल्या पद्धतीने सुरुवातच करता येत नाही.

वल्लरीने आज सांगितलं. ग्रंथालयामागे, सायकली लावतो तिथे. पहिल्या वर्षाची मुलगी, देवळीहून एसटीने येते, वादविवादात माझी जोडीदार. ती विषयाच्या बाजूने बोलते, मी विरुद्ध. चांगली बोलते. आज मात्र शब्द मोजून काढत होती.

"गेल्या गुरुवारी सराव होता ना दीदी, नऊ नंबरच्या खोलीत. तुमी सेमिनारले गेलत्या. धीरज सर म्हने, श्वास पोटातून घे. पोटावर हात ठेवला. मंग दार लोटलं. मंग हात पोटावर नाई राह्यला."

मी विचारलं, तू काय केलंस?

"मागं सरकली. तं म्हने, नाटकं नको करू. करंडक पाह्यजे का नाई?"

धीरज सर! आमच्या वक्तृत्व मंडळाचे प्रमुख. तीन वर्षं मी त्यांच्याकडे शिकते. कुठे थांबायचं, कुठे आवाज खाली आणायचा, सगळं त्यांनी शिकवलं. मी बोलत सुटले — तक्रार करायची, आजच्या आज, कायदा आहे, समिती आहे, ते लोक काय समजतात! बऱ्याच वेळाने लक्षात आलं, ती मघापासून एकही शब्द बोललेली नाही.

मग म्हणाली, "मी लिहू का दीदी? तक्रार?"

"तू घाबरली आहेस. मी लिहिते. तू फक्त सही कर."

तिची भीती वेगळीच आहे. देवळीत वडिलांचं किराणा दुकान. "खरं निघालं तं बाबा माह्या मागं उभे राहतीन. पन समितीनं खोटं म्हटलं ना, तं कालेज बंद. त्यायले दुकानात बसू नाई देनार लोकं." म्हणजे सगळं एकाच गोष्टीवर आलं. तिच्यावर विश्वास बसला पाहिजे.

बसेल. मी आहे ना.

११ सप्टेंबर

तक्रार तयार. चार पानं. रात्रभर डोक्यात वाक्यं फिरत होती, सकाळी एका दमात उतरवली. 'गुरू या शब्दाच्या आड दबा धरलेला शिकारी, विश्वासाला लागलेली वाळवी, ज्ञानमंदिराच्या पायरीवरचा साप —' वाचताना माझ्याच अंगावर काटा आला.

वल्लरीनेही अर्धं पान लिहून आणलं होतं. 'गुरुवार, चार सप्टेंबर, दुपारी साडेचार, खोली नंबर नऊ, खिडकी बंद होती' असं काहीतरी. बसचं वेळापत्रक जणू! मी म्हटलं, यात आग कुठे आहे? वाचणाऱ्याला चटका बसला पाहिजे. तिने ते पान घडी करून दप्तरात ठेवलं. माझ्या चार पानांवर सही केली.

"वाचलंस ना पूर्ण?"

"हो दीदी. लय भारी आहे."

१२ सप्टेंबर

दिली. कार्यालयातल्या रजतने शिक्का मारला, पोच दिली. लिफाफा बंद होता, तरी तो उजेडाकडे धरून पाहत होता असं मला वाटलं. विचारलं तर म्हणतो, "मॅडम, पत्ता पाहून राह्यलो. समितीच्या कपाटात ठेवायचं का कौशल्या मॅडमच्या हातात द्यायचं?"

कौशल्या मॅडमच्याच हातात. त्या समितीच्या अध्यक्ष. इतिहास शिकवतात. धीरज सरांच्या शेजारच्या खोलीत बसतात, हे आजच लक्षात आलं.

१५ सप्टेंबर, सोमवार

त्यांना कळलंय!

जिन्यात समोर आले. थांबले. हसले. "काय ऋचा, लेखन जोरात दिसतंय!" आणि निघून गेले. पाठ ताठ, चाल नेहमीसारखी.

कुणी सांगितलं? सगळं गुप्त ठेवायचा नियम आहे. तीन नावं लिहून ठेवते. रजत. कौशल्या मॅडम. आणि मिहिर — मंडळातला तिसरा वक्ता, सरांचा लाडका, शनिवारी सायकल स्टँडजवळ घुटमळत होता.

१६ सप्टेंबर

मिहिर कॅन्टीनमध्ये. समोर धीरज सर. दोघांत एकच आलूबोंड्याची प्लेट! नोंद करून ठेवते.

१८ सप्टेंबर

आईला कळलंच. वल्लरीचं नाव नाही सांगितलं, बाकी सांगितलं. पोळी लाटता लाटता म्हणाली, "तुले काय करायचं होतं मधात पडून? तुहं शेवटचं वरीस आहे."

मी म्हटलं, आई, अन्याय पाहून गप्प बसणारा अन्याय करणाऱ्याइतकाच दोषी असतो.

"घरात तं आपल्या भाषेत बोल व! मी काय परीक्षक आहे का?"

बाबा वर्तमानपत्राआडून हसले. ते जिल्हा परिषदेत कारकून, तीस वर्षं. म्हणाले, "कागद पक्का ठेवजो बेटा. तारीख, वेळ, ठिकाण. बाकी शोभेचं असते."

शोभेचं! तीस वर्षं नस्तींत काढल्यावर माणूस दुसरं काय बोलणार.

१९ सप्टेंबर

परीक्षेचा अर्ज भरला. वल्लरी आली नव्हती. फोनही बंद.

२२ सप्टेंबर, सोमवार

आज तिची सुनावणी. मी बाहेरच्या बाकावर. पाऊण तास. दारामागून एकदाही तिचा आवाज मोठा झालेला ऐकू आला नाही.

बाहेर आली तेव्हा चेहरा बरा होता. कौशल्या मॅडम तिला म्हणाल्या म्हणे, "बाळा, ही चार पानं बाजूले ठेवू. तुझ्या शब्दांत सांग." माझी चार पानं बाजूला! संशय होताच, आता खात्री. सगळ्यात धारदार हत्यारच त्यांनी काढून घेतलं.

मग वल्लरीने सांगितलं. तारखा सांगितल्या. चार सप्टेंबर हा शेवट, सुरुवात जुलैपासून आहे. जुलैपासून! मला आत्ता कळतंय. पहिल्या सरावापासून हात पोटावर, दर वेळी जरा जास्त वेळ.

समितीवर बाहेरच्या संस्थेच्या रीताताई आहेत. त्यांनी विचारलं, तेव्हा कुणाला सांगितलं होतंस का?

वल्लरी म्हणाली, हो. पहिल्याच दिवशी. एका माणसाले सांगतलं होतं.

कुणाला?

गप्प. शेवटपर्यंत गप्प. रीताताईंनी समजावलं — त्या माणसाने येऊन 'हो, मला सांगितलं होतं' एवढं म्हटलं तरी तुझी बाजू उभी राहते. नाहीतर समोरचा म्हणेल, आता रचलंय. सहा ऑक्टोबरला पुढची तारीख. तोवर विचार कर.

मी बसस्टँडपर्यंत विचारत गेले. कोण? मैत्रीण? नातेवाईक? मंडळातलं कुणी?

"जाऊ द्या ना दीदी."

"अगं, त्याने तेव्हाच तोंड उघडलं असतं तर पुढचं काही झालंच नसतं!"

तिने माझ्याकडे पाहिलं. मग देवळीची गाडी लागली, ती धावत गेली.

२४ सप्टेंबर

सरांचं लेखी उत्तर आलं. तक्रारदाराला प्रत देतात, म्हणून वल्लरीकडे आलं, तिने मला दाखवलं. जसंच्या तसं उतरवते:

'सदर तक्रारीची भाषा मला परिचित आहे. एका विधानामागे तीन उपमा आणि तिसरीनंतर विराम, ही रचना मीच कु. ऋचा हिला शिकविली. चार पानांत एकही तारीख नाही. यंदा राज्य स्पर्धेसाठी मी तिच्याऐवजी कु. वल्लरी हिची निवड करणार होतो. त्या रागातून एका साध्या ग्रामीण मुलीचा वापर करण्यात आला आहे. आता समितीसमोर प्रकार जुलैपासूनचा म्हणतात, तर दोन महिने कोणालाच काही कसे कळले नाही?'

तीनदा वाचलं. तक्रार पुन्हा काढून पाहिली. शिकारी, वाळवी, साप. विराम.

बरोबर ओळखलं त्याने.

ज्याच्याविरुद्ध लढायला उभी राहिले, त्याचीच तालीम माझ्या हाताला लागलेली. आणि वल्लरीच्या अर्ध्या पानात सगळं होतं — वार, वेळ, खोली, बंद खिडकी. मी म्हटलं, आग कुठे आहे! बाबांनीही सांगितलं होतं. मला भाषण हवं होतं.

तिला म्हटलं, माझं चुकलं. म्हणाली, "नाई दीदी, तुमी होत्या म्हनून मी समितीपुढं तरी गेली."

आता उरला तो एक माणूस. तो सापडलाच पाहिजे.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

मिहिरला गाठला. सरळ विचारलं — जुलैत वल्लरीने तुला काही सांगितलं होतं?

"मले? मले कायले सांगीन ती? अन् तू मले अशी काऊन पाहून राह्यली पंधरा दिवसांपासून? चोर आहे का मी?"

सरांबरोबर आलूबोंडे खात होतास!

"बाप्पा! त्यायनं एक कागद आनला होता. सरांचं वर्तन चांगलं आहे म्हनून साऱ्या पोट्ट्यांनी सही करा म्हने. मी नाई केली. आलूबोंडा खाल्ला, सही नाई केली. अधिक काही?"

मी म्हटलं, मग सरांना तक्रारीचं सांगितलं कुणी?

तो माझ्याकडे बघतच राहिला. "अवं, ज्याच्यावर तक्रार असते त्याले सात दिवसांत प्रत द्या लागते. हे तूच भाषणात सांगतलं ना गेल्या वर्षी? टाळ्या बी घेतल्या!"

खरं आहे. मीच सांगितलं होतं. पहिलं बक्षीस मिळालं होतं त्या भाषणाला.

रजत, मॅडम, मिहिर — तिन्ही नावांवर काट मारली. माफी मागायला हवी होती, मागितली नाही. मिहिर जाता जाता म्हणाला, "एक सांगू? राग नको येऊ देऊ. तुले कोनी काही सांगाले आलं ना, तं पहिली घंटा वाजायच्या आधीच तुहं खंडन चालू होते. मानूस मंग चूप बसते."

राग आला. फार आला.

२९ सप्टेंबर, सोमवार

देवळीला गेले. वल्लरी तीन दिवस आली नव्हती.

दुकानात तिचे वडील, नानाजी, सोयाबीन विकून आलेल्या गिऱ्हाइकाला साखर तोलत होते. मला पाहून काटा थांबला. गिऱ्हाईक गेल्यावर म्हणाले, "पोरगी खरं बोलते, हे मले समजते. बाप आहे मी तिचा. पन मॅडम, कागदावर खरं नाई निघालं तं? तुमी वर्धेले राहता. आम्हाले याच गल्लीत राहायचं आहे. सहा तारखेले जे होईन ते. नाई निघालं तं तिचं नाव काढून घेतो."

मागच्या खोलीत तिची आई, जयवंताबाई. चहा दिला. वल्लरी अंथरुणात, ताप म्हणे. मी आईला बाहेर गाठून विचारलं — तो माणूस तुम्हीच का?

"मी असती तं त्याच दिवशी कालेजात नसती आली का चप्पल घेऊन? मले आत्ता समजलं. कोनाले सांगतलं ते मले बी नाई सांगत. इतकंच म्हने, त्या मानसाचा काही दोष नाई. नाव घेतलं तं त्याचं वाईट होईन."

दोष नाही! एक मुलगी रडत येऊन सांगते आणि ऐकणारा हात झटकतो, त्याचा दोष नाही? आणि ही अजून त्याला पदराखाली घेते!

निघताना वल्लरीच्या उशाशी बसले. म्हटलं, तुझं कॉलेज जाईल गं. नाव सांग. ती भिंतीकडे वळली. म्हणाली, "त्यायनं वाईट मनानं नव्हतं म्हटलं."

म्हटलं? म्हणजे तो नुसता गप्प नव्हता. काहीतरी बोलला होता. काय बोलला?

१ ऑक्टोबर

झोप नाही, अभ्यास नाही. सगळ्यांकडे तसंच बघते. ग्रंथपाल? तिच्या वर्गातली रुचिका? वसतिगृहाच्या गुलाबबाई, ज्यांच्याकडे ती कधीमधी डबा खाते? आज गुलाबबाईंना आडून विचारलं. म्हणाल्या, "मले काही सांगतलं असतं तं मी गावभर केलं असतं. माह्या पोटात काही राहते का?" तेही खरंच.

जो कोणी आहेस, ऐक! तुझ्यापाशी एक मुलगी विश्वासाने आली. तिला तुझ्याकडून भाषण नको होतं, धाडसही नको होतं. फक्त एवढंच हवं होतं की तू म्हणावंस, 'हे बरोबर नाही.' तेवढे तीन शब्द तुझ्याकडे नव्हते. पुढच्या प्रत्येक गुरुवारात तुझा वाटा आहे. तू आज सुखाने जेवतोस, झोपतोस, लोकांत मान वर करून फिरतोस, आणि ती अंथरुणात भिंतीकडे तोंड करून तुझी अब्रू सांभाळते. लाज वाटू दे!

या वेळी उपमा नाही वापरली एकही. बघ.

२ ऑक्टोबर, दसरा

सोनं द्यायला मिहिर आला. आईसमोर त्याची माफी मागितली. तो इतका गोंधळला की आपट्याची पानं परत खिशात घालून निघाला.

४ ऑक्टोबर, शनिवार

कौशल्या मॅडमचा फोन. मला वाटलं, आता मला झापणार. नाही. म्हणाल्या, वल्लरीचं सांगणं त्यांना सरळ वाटतं, तारखा जुळतात. पण जुलैतल्या सरावाचा पुरावाच कुठे नाही. धीरज सर म्हणतात, ऑगस्टच्या आधी त्यांनी तिला शिकवलंच नाही. "तू मंडळाची सचिव ना? जुलैमध्ये नऊ नंबरच्या खोलीत सराव कोणत्या दिवशी झाले, एवढं सापडतं का बघ. सोमवारी साडेअकरा."

मग म्हणाल्या, "आणि ऋचा, ती मुलगी ज्याचं नाव घेत नाही ना, तो माणूस तिला फार प्रिय दिसतो."

मॅडमवर मी तीन आठवडे संशय घेतला.

मंडळाच्या रजिस्टरमध्ये जुलैचं काही नाही. पण जुलैची माझी रोजनिशी माळ्यावर असेल. उद्या काढते.

५ ऑक्टोबर, रविवार

२२ जुलै, मंगळवार. अक्षर माझं. शाई माझी.

'वल्लरीचा पहिला सराव, खोली ९. आवाज उत्तम, पण फार लाजते. सर पोटावर हात ठेवून श्वास शिकवतात ते तिला आवडलं नाही. बाहेर येऊन मला सांगताना रडवेली झाली. समजावलं — व्यासपीठावर उभं राहायचं तर लाज सोडावी लागते, मलाही पहिल्या वर्षी तसंच वाटलं होतं, सवय होते. पटलं तिला.'

ऋचा, उद्या साडेअकराला समितीसमोर जा, हे पान मोठ्याने वाच, आणि त्या एका माणसाचं नाव सांग.